टाकी गळत नाही

टाकीखालच्या खोलीत बालवाडी भरत होती, हे आधी सांगून टाकतो. डेपोपासून सुरुवात केली तर मी डेपोतच रमेन, आणि तसं करून मूळ गोष्ट टाळायची सवय मला बरीच वर्षं आहे. लोक विचारायचे, तुम्ही म्हणे तो जुना डेपो पुन्हा उभा केला होता? मग मी कौलांबद्दल सांगायचो, दगडी फलाटाबद्दल सांगायचो, इंजिनाच्या शेडमधून हाकललेल्या घुबडाबद्दल सांगायचो. टाकीपर्यंत आलो की चहाचं बघायला उठायचो.

डेपो छोट्या लाईनचा होता. त्या काळी शहराच्या टोकाला, नंदनवनच्या पलीकडे नुसते प्लॉट पाडलेले होते. मधूनच एखादं घर, आणि मागे तरोट्यात अन् बेशरमाच्या झाडोऱ्यात बुडालेला हा डेपो. गाडी जवळूनच जायची, पण थांबायची पुढच्या नव्या स्टेशनावर. डेपोत दोन इंजिनं मावतील एवढी शेड, तिकिटाची खिडकी, एक विहीर आणि विहिरीला लागून विटांची चौकोनी खोली. खोलीच्या डोक्यावर इंजिनांना पाणी पाजायची टाकी. बिडाचे जाड पत्रे बोल्टांनी जोडून केलेली, खाली आडव्या दोन बिडाच्या तुळया. आमच्या सगळ्यांच्या वयाहून जुनी.

लाईनवरून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे त्या प्लॉटांच्या वस्तीत, राहायला आले होते. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. याच डेपोत ते पोरवयात कोळसा फेकायला लागले होते. शेडचे वासे लोक सरपणाला ओढून नेतात हे त्यांना बघवेना. एका रविवारी विळा घेऊन एकटेच गेले आणि तरोटा कापायला लागले. पुढच्या रविवारी आम्ही चार-पाच जण गेलो. मग गवंडी आला, लकडगंजच्या आरा मशीनवर काम करणारा सुतार आला, शाळामास्तर आले. कुणीतरी फोडणीचे मुरमुरे आणायचं, कुणी चहा. रेल्वेवाले म्हणाले, वापरा, फक्त आमच्याकडे काही मागू नका.

काम वाटून घ्यायची आमची एक पद्धत पडली. ज्याचा जो धंदा, त्याच्याकडे डेपोचा तो भाग. भिंती गवंड्याच्या, दारं-वासे सुताराचे, पाटीवरची अक्षरं मास्तरांची. एकाच्या कामात दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही. तो म्हणाला झालं, की झालं. यात भांडणं होत नव्हती, आणि प्रत्येकाला आपल्या भागाचा मालक झाल्यासारखं वाटायचं.

मी पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होतो.

"अरे, आपल्यात पाण्याचा मानूस हाय ना!" काकाजी सगळ्यांसमोर म्हणाले. "टाकी याच्याकडे."

पाणीपुरवठा खात्यात मी बिलं लिहीत होतो. टाकी, तुळई, दाब, यातलं मला काही कळत नव्हतं. कळत नाही असं म्हणायला तेव्हा फार तर एक वाक्य लागलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं होतं. मी शिडी लावून वर चढलो. फिटर लोक करतात तसं हातोडीनं इथे-तिथे ठोकलं, कान लावला.

खालून गवंड्यानं विचारलं, "काय म्हनते गा टाकी?"

"म्हणते, अजून दोन पिढ्या पाणी पाजते."

सगळे हसले. मी खाली उतरलो तेव्हा सुतारानं शिडी धरली. तोपर्यंत माझ्यासाठी कुणी शिडी धरली नव्हती.

विहीर उपसली, मोटर बसवली, टाकीला नळ काढले. लेआउटमध्ये नळयोजना आली नव्हती, त्यामुळे आसपासची घरं आता डेपोतून पाणी भरणार होती. मोटर चालवायला आणि नळ सोडायला काकाजींनी एक माणूस ठेवला. शेजारच्या वस्तीतला, धम्मदीक्षा घेतलेल्या घरातला, लाईनवर कधीकाळी खलाशाचं, इंजिनात पाणी भरायचं काम केलेला. डेपोच्या कडेला एका खोलीत हा पंपवाला, त्याची बायको आणि लहान मुलगी राहायला आले. दोन घरांनी कुरकुर केली की पाणी त्याच्या हातचं का. काकाजी फलाटावर उभे राहून ओरडले, "माह्या इंजिनाले जिंदगीभर कोन पाणी पाजत होतं ते मी पाहायले नाही गेलो! तुम्हाले पाह्यजे त नळाखाली गुंड धरा, नाही त घरी बसा." दोन्ही घरांनी दुसऱ्याच दिवशी घागरी-गुंड धरले. पण कुरकुर पोटात राहिली, हे मला पुढे समजलं.

आणि टाकीखालच्या खोलीत माझ्या बायकोनं बालवाडी काढली. खोली सुंदर झाली होती. चुना लावलेल्या भिंती, खाली शेणानं सारवलेलं, कोनाड्यात पाट्या. तिनंच नियम घातला होता की आधी लेकरं, मग पाणी. अकरा वाजता बालवाडी सुटायची, तेव्हाच नळ सुटायचे, म्हणजे अंगणात बाया-गुंडांच्या गर्दीत लेकरं अडकणार नाहीत. त्यामुळे व्हायचं असं, की पहाटे मोटर चालवून टाकी काठोकाठ भरलेली, आणि त्या भरल्या टाकीखाली सकाळभर लेकरं बसलेली.

एकदा तिला खोलीत कागदी पताका लावायच्या होत्या. मी स्टुलावर उभा राहून तुळईजवळ खिळा ठोकत होतो. धक्क्यानं तुळईवरचा चुन्याचा पापुद्रा सुटून माझ्या डोळ्यात गेला. डोळा पुसून पाहिलं तर पापुद्र्याच्या जागी बिडावर एक रेघ दिसली. तुळईच्या खालच्या कडेपासून तिरपी वर गेलेली. मी अंगठा फिरवला. पावसाळी दमटपणा होता; अंगठा ओला झाला, तांबूस.

"खिळा झाला का?" खालून बायको म्हणाली.

"हो."

"मंग उतरा ना. लेकरं यायची वेळ झाली."

लेकरं आली. कुणाच्या हातात पाटी, कुणाच्या हातात भाकरीचा तुकडा. पंपवाल्याची मुलगीही आली. ती नेहमी तुळईच्या अगदी खाली बसायची, तिथे भिंतीतून गार लागायचं म्हणून. मी स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि सायकल काढून ऑफिसला गेलो. त्या दिवशी मी बोललो नाही, आणि पहिल्या दिवशी बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं.

रविवारी कुणी यायच्या आत रेघेत रंगाऱ्याची लांबी भरली, वरून लाल रंग मारला. काही दिवसांनी रंगातून तपकिरी ओरखडा पुन्हा वर आला.

गाडी गेली की ती खोली थरथरायची. कोनाड्यातल्या पाट्या एकमेकींवर खुळखुळ वाजायच्या. बायकोनं त्याचाच खेळ केला होता. पाट्या वाजल्या की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायचं, "गाडी आली! गाडी आली!" मी एकदा दाराशी उभा राहून ते पाहिलं. टाळ्या वाजवणारी ती सगळी तोंडं वर झालेली होती. गाडी दिसते जणू छतात.

ऑफिसात शिपाई टेबलाशी आला की माझा टाक थांबायचा. एकदा तो म्हणाला, "साहेब, घरून निरोप हाय." मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. "रॉकेल आणा म्हनते," तो म्हणाला. मी त्याला रागावलो, निरोप असा देतात का म्हणून. त्याला काही कळलं नाही बिचाऱ्याला. कुठे दूर भिंत पाडत असतील, ट्रकमधून विटा ओतत असतील, मला तो आवाज डेपोकडून आल्यासारखाच वाटायचा. जेवताना बायको लेकरांच्या गमती सांगायची. मी हं हं करायचो आणि मनात हिशेब करायचो, उद्या सुट्टी आहे का, उद्या कोणता वार.

एक प्रयत्न केला. काकाजींना म्हणालो, "टाकी अर्धीच भरत जाऊ."

"काहून?"

"जुनी आहे म्हणून."

"तूच त म्हनला, दोन पिढ्या."

"म्हटलं होतं."

"काही दिसलं का तुले?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं होतं. रागानं नाही, साधं. मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही. आपलं असंच."

ते हसले. "सरकारी नोकर हाय बाप्पा तू. जपून चालतोस."

मला कशाची भीती होती, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मला कुणी मारलं नसतं, नोकरी गेली नसती. फार तर त्यांना समजलं असतं की हा बिलं लिहितो. एवढंच. डोक्यावर पाण्याचं ते वजन आणि खाली लेकरं, आणि माझी भीती एवढ्याची.

मग मी दुसरी वाट काढली. पंपवाला पहाटे टाकी भरून लकडगंजात लाकडं उचलायच्या कामाला जायचा आणि अकराला नळ सोडायला परत यायचा. तो गेल्यावर, बालवाडी भरायच्या आधी, मी "टाकी पाहून येतो" म्हणून डेपोत जायचो. टाकीच्या मागच्या बाजूला गाळ काढायची चावी होती. ती अर्धी फिरवली की पाणी जुन्या राखेच्या खड्ड्यात जायचं. इंजिनांची राख पाडायचा तो खड्डा, कितीही पाणी घाला, गडप व्हायचं. टाकी अर्धी झाली की मी चावी बंद करायचो. बायको शेजारणीला कौतुकानं सांगायची, "टाकी पाहिल्याशिवाय यांले चहा गोड लागत नाही."

अर्ध्या टाकीनंही भीती अर्धी झाली नाही, पण ऑफिसात टाक चालू लागला.

उन्हाळा लागला. विजेच्या बिलापायी मोटर फक्त पहाटे चालवायची असं ठरलेलं होतं, म्हणून अर्धं पाणी अर्ध्या घरांनाच पुरायचं. मागच्या बाया रिकामे गुंड घेऊन परत जायच्या. पंपवाला माझ्याकडे आला. माझ्याकडेच येणार, पाण्याचा माणूस मी.

"साहेब, मी वरून सांडेपर्यंत भरून जातो. अकराले येतो त टाकी आर्धी. काय होऊन राहिलं, तुम्हीच सांगा."

"ऊन आहे ना," मी म्हणालो. "वाफ होते."

"एवढी?"

"बीड तापतं."

त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे टाकी भरल्यावर वर चढून टाकीच्या पत्र्यावर ओली पोती अंथरायला लागला, टाकी तापू नये म्हणून. मी सकाळी चावी फिरवायला जायचो तेव्हा ती पोती वर नीट, काठाला काठ लावून अंथरलेली असायची. मी त्यांच्याखालचं पाणी सोडायचो.

रविवारी फलाटावर सगळे जमले. त्या दिवशी विळे, थाप्या बाजूलाच राहिल्या. बायाही आल्या होत्या, ज्या एरवी येत नसत. काकाजींनी पंपवाल्याला समोर बोलावलं.

"पाणी कुठं चाललं गा?"

"मले नाही माहीत, काकाजी. मी भरून जातो."

"टाकीले पाय फुटले का मंग?" गवंडी म्हणाला आणि काही जण हसले.

कुरकुर करणाऱ्या घरांपैकी एकातला माणूस पुढे झाला. "पाय कायले फुटते? तिकडे प्लॉटावर बांधकामं चालू हायेत. विटांले पाणी माराले ठेकेदाराले ड्रम लागते. कोनाच्या हातात नळ हाय ते पाहा ना."

"मी पाणी विकत नाही!" पंपवाल्याचा आवाज चढला. "लेकीची आन घेऊन सांगतो."

"मंग पोते काहून टाकते टाकीवर? झाकाले?"

"साहेब म्हनले, वाफ होते म्हनून." तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही म्हनले होते ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं अगदी तसंच, मानानं, आता हा सांगेल असं.

"थोडीफार होते," मी म्हणालो. "अर्धी टाकी नाही होत."

काकाजींनी मला विचारलं, "तू टाकीचा मानूस. टाकी गळते का, एवढं सांग. गळत असन त याच्यावर बोल नाही."

त्यांनी त्याला सोडवायचं दार उघडलं होतं, आणि ते दार माझ्या हातात दिलं होतं. गळते म्हणालो असतो तर सगळे उठून टाकीशी गेले असते. शिडी लावली असती, खोलीत जाऊन वर पाहिलं असतं, लाल रंग पाहिला असता.

"टाकी गळत नाही," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. तडा तुळईला होता, टाकी खरंच गळत नव्हती. मी इतकी वर्षं या एका गोष्टीला धरून होतो, की मी त्याला चोर म्हटलं नाही, आणि खोटंही बोललो नाही.

त्यानं कमरेला लावलेली मोटरची किल्ली काढून फलाटावर ठेवली. कुणाच्या हातात दिली नाही. मागून एक बाई म्हणाली, "मी त पहिलेच म्हनत होती," आणि तिला कुणी गप्प केलं नाही. काकाजींनीही नाही. ते चष्मा काढून धोतरानं पुसत राहिले.

घरी बायको म्हणाली, "मले नाही वाटत त्यानं विकलं म्हणून. त्याच्या घरात मी जात असते. पैसा दिसला असता."

"तुला काय समजतं वं यातलं?" मी म्हणालो.

ती चिडली. "तुम्ही त्याच्या बाजूनं एक शब्द बोलले असते त काय बिघडलं असतं? तुमचं ऐकतात सगळे."

दुसऱ्या दिवशी पंपवाल्याची मुलगी बालवाडीत आली नाही. बायको तिला आणायला गेली तर खोलीला कडी. नंतर कळलं की ते कळमेश्वरला गेले, तिकडे कारखाने झाले होते, त्यात कुठेतरी लागला.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात जड जातं.

किल्ली माझ्याकडे आली. टाकीचा माणूस मी, मग मोटरही मीच बघावी असं ठरलं. मी पहाटे टाकी अर्धी भरायला लागलो. अकरा वाजता बालवाडी सुटली की सुताराचा भाचा माझ्या सांगण्यावरून मोटर पुन्हा चालवायचा आणि नळ चालू असतानाच उरलेलं पाणी चढायचं. विहिरीला पाणी होतंच. शेवटच्या बाईचाही गुंड भरू लागला. लेकरांच्या डोक्यावर अर्धंच पाणी, आणि लेआउटला पूर्ण पाणी. इतकं सोपं होतं. हे मला आधी सुचलं नव्हतं, कारण आधी मी फक्त लपवण्याचा विचार करत होतो, आणि लपवायचं म्हणजे एकट्यानं करायचं.

आणि लोक काय म्हणाले? "पाहा, तो गेला अन् पाणी आलं."

याहून मोठा पुरावा त्यांना नको होता. तो चोर ठरला तो फलाटावर नाही, त्यानंतर, रोज, अकरा वाजता, भरलेल्या प्रत्येक गुंडाबरोबर. सुट्टीच्या दिवशी मी किल्ली खिशात घालून तिथेच उभा असायचो. दोन-तीनदा काकाजी जवळ येऊन उभे राहिले. एकदा म्हणाले, "मानूस ओळखाले चुकलो म्या." मी हं म्हणालो.

भीती मात्र गेली नाही. अर्ध्या टाकीचंही वजन असतंच. ते वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष, मी बालवाडीच्या सुट्ट्यांवर जगलो. मग लेआउटमध्ये नळ आले, टाकी कोरडी पडली. ज्या दिवशी मी शेवटचं पाणी सोडलं त्या दिवशी घरी जाऊन दुपारी असा झोपलो, की बायकोनं ताप पाहिला माझा. पुढे बालवाडी शाळेजवळ गेली. काकाजी वारले. रविवारी यायचं एकेकाचं बंद झालं आणि रेल्वेनं टाकी भंगारात काढली. ठेकेदाराची माणसं तुळया उतरवत होती तेव्हा मी रस्त्यावर सायकल धरून उभा होतो. आत जाऊन पाहिलं असतं तर कळलं असतं की तो तडा आरपार होता का नुसता वरवर, का तडा नव्हताच. मी गेलो नाही. आरपार असता तर आपण लेकरांना कशाखाली बसवलं ते कळलं असतं. नसता तर आपण त्या माणसाला कशासाठी घालवलं ते. मी सायकल वळवली.

गेल्या थंडीत मी कळमेश्वरला गेलो. एकदम का गेलो ते नीट सांगता येणार नाही. काकाजींच्या मुलाच्या घरी एका कार्यक्रमात डेपोच्या आठवणी निघाल्या आणि कुणीतरी हसत म्हणालं, "तो पाणीचोर आठवते का?" सगळ्यांना आठवत होता. नाव कुणालाच आठवत नव्हतं.

त्याचं घर विचारत विचारत सापडलं. केस पांढरे झालेले, तब्येत चांगली. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. खाट टाकली, पाणी दिलं. मुलगी घरीच होती, कुठल्याशा दवाखान्यात नर्स आहे. मी म्हणालो, तुमच्याशी बोलायचंय, बाहेर बसू.

मी सगळं सांगितलं. चावी, राखेचा खड्डा, वाफ, फलाट. तो जमिनीकडे पाहत ऐकत होता. पाण्याचं ऐकून त्यानं एकदाच मान हलवली. "मले वाटत होतं, तुम्हीच विकून राहिले असान," तो म्हणाला. "दुसरं कोन येत होतं तिथं सकाळी?"

"मग बोलला का नाहीत?"

"कोनाले बोलू? अन् माहं कोन ऐकत होतं तवा?"

मला वाटलं, झालं. आता तो शिव्या देईल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हीची मी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "पन पाणी सोडत काहून होते तुम्ही? विकाचं नव्हतं त?"

मग मी तुळईचं सांगितलं. ते मी शेवटी ठेवलं होतं, खरं सांगायचं तर माझी बाजू म्हणून.

त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. आधी त्याला समजलं नाही. मग तो खाटेवरून उठला.

"तडा कवा दिसला तुम्हाले?"

"पावसाळ्याच्या आसपास."

"अन् पाणी सोडाले कवा लागले?"

"थंडी सरता सरता," मी म्हणालो. मधे काही महिने गेले होते.

"म्हंजे तवापासून मी सांडेपर्यंत भरत होतो," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "माही पोरगी तिथंच बसे. त्याच्या खाली. मी रोज भरत होतो. अन् तुम्हाले माहीत होतं."

"म्हणूनच मी नंतर..."

"तुम्ही मले सांगतलं काहून नाही? मी भरलीच नसती ना!"

तो ओरडला तशी मुलगी दारात आली. "काय झालं, बाबा?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू ती आत्ताच कुठून तरी वाचून आली होती. इतकी वर्षं ती भीती माझी एकट्याची होती. आता मी ती त्याच्या घरात आणून ठेवली होती, आणि उतरवून घ्यायची सोय नव्हती.

"काही नाही," तो तिला म्हणाला. "साहेब निघाले."

मी निघालो.

घरी आल्यावर बायकोला सांगणं भागच होतं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. सगळं सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मी त्या लेकरांले वर पाहून टाळ्या वाजवाले लावत होती, तेव्हा तुम्ही दारात उभे राहत. तेव्हा तुम्हाले माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी घेतली, मला पत्ता विचारला आणि एकटीच कळमेश्वरच्या बसला गेली. संध्याकाळी परत आली. हातपाय धुतले, दिवा लावला, स्वयंपाक केला. तिकडे काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आता ती महिन्यातून एकदा तरी जाते. जायच्या दिवशी माझं जेवण झाकून ठेवते.